निळा जोड, रुपेरी शेरा

मी निवृत्त झालो तेव्हा आमच्या बोईसरच्या सोसायटीने फाटकावर एक फलक लावला. त्यावर माझ्या नावाआधी 'प्रख्यात वेल्डिंगतज्ज्ञ' असं छापलं होतं. प्रख्यात कुठे, ते सेक्रेटरीलाच ठाऊक. वेल्डिंग मी नोकरीची पहिली चार वर्षं केलं, तेही बेताचंच. पुढची एकतीस वर्षं दुसऱ्यांनी केलेल्या वेल्डिंगकडे बघून 'चालेल' किंवा 'चालणार नाही' एवढंच म्हणायचा पगार घेतला. तपासनिसाचं काम ते इतकंच. लोक त्याला चहा पाजतात, पण मनातून तो कोणालाच नको असतो.

या अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "शिंदेसाहेब, रेसिंगच्या गाडीचं काम तुमच्या हातून झालंय म्हणे. त्यावर लिहा, वाचकांना गंमत वाटेल." गंमत वाटली तर मलाही कळवा. मला गेली तीन वर्षं वाटलेली नाही.

तासगावकडून मी तारापूरच्या एमआयडीसीत आलो, तो परत गेलो नाही. आमचा कारखाना केमिकल कंपन्यांसाठी टाक्या, नळ्या आणि हीट एक्स्चेंजर बनवायचा. तेजाब आणि क्लोरीन जिथे खेळतं तिथे स्टेनलेस स्टीलही टिकत नाही, तिथे टायटॅनियम लागतं. ते जोडू शकणारी माणसं अख्ख्या पट्ट्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती आणि त्यातला एक आमच्याकडे होता. या एका कारणामुळे रेसिंगवाले आमच्या दारात आले. नाहीतर आमचा आणि शर्यतीचा संबंध बोईसर नाक्यावरच्या सहा आसनी रिक्षांपुरताच.

ज्यांनी ही गाडी टीव्हीवरच पाहिली असेल त्यांना थोडं सांगतो. चारही चाकं बाहेर उघडी, मधे होडीसारखं निमुळतं धूड, आणि ड्रायव्हर त्यात बसत नाही, जवळजवळ आडवा झोपतो. वर दिसतं फक्त त्याचं डोकं. कित्येक वर्षं ते डोकं उघड्यावरच असायचं. हेल्मेट होतं, पण पुढच्या गाडीचं निखळलेलं चाक त्या वेगात येऊन बसलं तर हेल्मेट काय करणार? कवटी वाचली तरी मान जायची. माणसं गेली, मग शहाणपण आलं आणि मोठ्या शर्यतींत डोक्याभोवती धातूचं कडं बसवायची सक्ती झाली. घोड्याच्या नालेसारखी वाकवलेली जाड नळी. तिची दोन टोकं ड्रायव्हरच्या खांद्यामागे गाडीला घट्ट, आणि पुढची कमान एका बारीक खांबावर टेकलेली. भरलेला ट्रक वर उभा केला तरी ते बसता कामा नये, आणि वजन मात्र एका माणसाला उचलता यावं. म्हणून ते टायटॅनियमचं करतात. खऱ्या शर्यतीसाठी अशी कडी बनवायला परवानगी असलेले कारखाने परदेशात आहेत, आणि तेही मोजके. आमच्याकडे आलं ते एक रेसिंग शिकवणारं स्कूल. त्यांच्या सरावाच्या जुन्या गाड्यांना कडं नव्हतं, ते त्यांना बसवून हवं होतं. सुरुवातीला तीन.

पहिल्यांदा नकाशा पाहिला तेव्हा मी सरळ म्हणालो की हा बनवणारा वेडा आहे. ड्रायव्हरच्या नाकासमोर, बरोबर मधोमध खांब! आमच्या फिटर यादवजींनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "साब, ये तो मंडप है. इसमें दूल्हा बैठेगा, गाडी कैसे चलायेगा?"

दूल्हा आला नाही, ऋतुजा आली. कोल्हापूरची, पंचविशीची, त्या स्कूलची सर्वांत जलद ड्रायव्हर. आम्ही प्लायवूडची खोटी गाडी ठोकली होती आणि प्लॅस्टिकच्या पाइपचं कडं तिच्यावर बांधलं होतं. ती हेल्मेट घालून त्यात झोपली. मी विचारलं, "खांबाचं काय?"

"काही नाही ओ काका. नाकासमोर अंगठा धरा बघू. आता अंगठ्याकडं नाही, त्या लांबच्या टाकीकडं बघा. दिसतोय का अंगठा?"

मी धरला. टाकीकडे पाहिलं तर अंगठा विरघळून गेला, त्याच्या पाठीमागचंही सगळं दिसायला लागलं. दोन डोळे दोन बाजूंनी बघतात, एकाला अडतं ते दुसरा दाखवतो. दोन्ही डोळे शाबूत पाहिजेत एवढीच अट. सगळं वर्कशॉप दिवसभर नाकासमोर अंगठा धरून फिरत होतं.

तिची तक्रार वेगळीच होती. खांब नव्हे, वरची कमान. चढ आला की रस्ता वर उचलला जातो आणि कमान नेमकी तिथे आडवी येते. सुरुवातीचे दिवे उंचावर असतात, तेही झाकले जातात. मग आम्ही आवारात दोन बांबू रोवले, त्यांना लाल आणि पिवळी फडकी बांधली, आणि काशिनाथला ती वरखाली सरकवायला उभं केलं. काशिनाथ आमचा घासकाम करणारा. डोंगरपट्ट्यातला चाळिशीचा माणूस, पावसाळ्यात घरची भातशेती आणि बाकीचे महिने आमच्याकडे ठेकेदाराच्या हजेरीवर. ऋतुजा आतून ओरडायची, "लाल गेलं! पिवळं अर्धं!" आणि काशिनाथ बांबूवरून विचारायचा, "बाय, आता दिसतां का नाय?" तीन तास हे चाललं. शेवटी कमान दोन बोटं वर आणि खांब किंचित पुढे, यावर एकमत झालं. वासरात लंगडी गाय शहाणी, तसा मी त्या दिवसापासून शॉपमधला रेसिंगचा जाणकार झालो.

त्याच स्कूलचा जाहिराती बघणारा एक माणूस यायचा. सुगंध आधी यायचा, मागून तो. त्याला खांब सहा इंच रुंद हवा होता. का, तर प्रायोजकाचं नाव फोटोत स्पष्ट यावं. मी त्याला त्या प्लायवूडच्या गाडीत झोपवलं, खांबावर सहा इंची पुठ्ठा बांधला आणि समोर काशिनाथला उभं केलं. विचारलं, "काय दिसतं?" म्हणाला, "काहीच नाही." मी म्हणालो, "समोर माणूस आहे. तुम्ही त्याला आत्ता उडवलात." पुन्हा तो विषय निघाला नाही. हे सांगतो कारण 'नाही' म्हणणं मला येत होतं. येत नव्हतं असं कोणी समजू नये, आणि मलाही तशी समजूत करून घेता येत नाही.

आता हरेश्वर. आमचा टायटॅनियमचा माणूस तो. हरेश्वर तामोरे, दातिवऱ्याचा. घरची होडी, बाप आणि दोघे भाऊ दर्यावर. याला होडी लागायची, म्हणून हा आयटीआय करून आर्गॉन वेल्डर झाला. आठवडाभर कारखान्याजवळच्या पाम गावात भाड्याच्या खोलीत राहायचा, सुट्टीला घरी. बोलणं कमी. हात असा की त्याने घातलेली शिवण बघून शेजारच्या कारखान्याचे वेल्डर भिंतीवरून डोकवायचे.

टायटॅनियमची एक खोड आहे. तापलं की ते हवा पितं. म्हणून वेल्डिंग करताना आणि निवेपर्यंत त्याच्यावर आर्गॉन वायूचं पांघरूण लागतं. पांघरूण नीट राहिलं तर जोड चांदीसारखा रुपेरी येतो. जरा हवा शिरली तर गवती पिवळा, तेवढा चालतो. जास्त शिरली की जांभळा, मग निळा, आणि त्याच्यापुढे राखाडी. निळा आला की तो जोड ठिसूळ झाला. वरून भेग दिसणार नाही, लाल रंग लावून घेतात त्या चाचणीतही काही सापडणार नाही. पण धक्का बसला की तो बिस्किटासारखा तुटेल. उपाय एकच, कापायचा आणि पुन्हा करायचा. म्हणजे त्या जोडाचा रंग हाच त्याचा जबाब, आणि तो पुसण्याआधी ऐकावा लागतो.

आणि आमच्या पट्ट्याची सवय नेमकी याच्या उलटी. इथे सगळा जन्म स्टेनलेसमध्ये गेलेला. औषधाच्या कंपन्यांना चकचकीत नळ्या लागतात, तिथे जोडावरचा रंग काढणं हे कामच आहे. जोड झाला की लगेच तेजाबाची पेस्ट, धुणं, बफिंग, आणि मग तपासनिसापुढे. पाहुण्यांसमोर पोराला तोंड धुऊन आणावं तसं. 'चमक मारली का?' हा आमच्याकडचा रामराम होता. टायटॅनियमच्या खोलीत ही सवय शिरू नये म्हणून मी दारावर पाटी लावली होती: 'शिंदेंनी बघितल्याशिवाय जोडाला हात लावू नये.' काशिनाथला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याला तोंडी दहादा सांगितलं होतं.

हरेश्वरला पाटीची गरज नव्हती. तो वाऱ्यावर पोसलेला माणूस. सकाळी शॉपमध्ये आला की बोट ओलं करून दारात उभा राहायचा, कुठलं शटर किती खाली घ्यायचं ते ठरवायचा. दुपारी समुद्राकडचा वारा सुटला की टायटॅनियमचं काम बंद. "साएब, आता वारा फिरला. गॅस उडून जाल. सकालच्याला करू." त्याच्या या नियमावर प्रॉडक्शन मॅनेजर सबनीस चिडायचे. सबनीस वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोक्यावर तारखा होत्या आणि तारखेला वारा समजत नाही.

पहिली दोन कडी रुपेरी झाली. तिसऱ्याच्या वेळी स्कूलने निरोप धाडला की आम्ही उद्याच सकाळी गाडी घेऊन येतो, कडं तिथेच बसवून न्यायचं आहे. त्या दिवशी दुपारी मी अर्धी रजा टाकून पालघरला दात दाखवायला गेलो होतो. मागे जे घडलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. पश्चिमेचं शटर लागत नव्हतं, कारण अर्धी बाहेर काढलेली एक मोठी टाकी ट्रेलरची वाट बघत होती. हरेश्वर म्हणाला, सकाळी सहाला येऊन करतो. सबनीस म्हणाले, आत्ता. हरेश्वरने ताडपत्री बांधली, जमेल तेवढा आडोसा केला आणि शेवटचा जोड घातला. नेमका तोच, कमान आणि खांब जिथे मिळतात तो. जोड निळा आला.

त्याने वेल्डिंगची टॉर्च खाली ठेवली आणि जाऊन सबनीसांना सांगितलं. सबनीसांनी काशिनाथला हाक मारली.

सकाळी मी टायटॅनियमच्या खोलीत गेलो तर कडं टेबलावर लग्नातल्या भांड्यासारखं लखलखत होतं. खोलीत पेस्टचा तो नाकात जाणारा वास. मी काशिनाथला विचारलं, "कोणी सांगितलं तुला?"

"सबनीससाएबांनी. मी बोललूं, शिंदेसाएब रागावतील. तं बोलले, मी बघतूं."

हरेश्वर तिथेच उभा होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "साएब, निला होता. मी डोल्यानी बघितलाय. कापा. सांजपत्तर परत करून देतो."

एवढं स्वच्छ मला उभ्या नोकरीत कोणी सांगितलं नसेल. मी नुसतं 'कापा' म्हणायचं होतं. बाहेर आवारात स्कूलची गाडी ट्रकमधून उतरत होती, ऋतुजा यादवजींशी हसत बोलत होती, ऑफिसात पाहुण्यांना इडल्या दिल्या होत्या. सबनीस माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "शिंदेसाहेब, आधीच्या दोन कड्यांवर अजून ओरखडा नाही. सरावाच्या गाड्या आहेत. आणि हो, तुमच्या मुदतवाढीची फाइल मालकांकडे गेली आहे, मी शिफारस केली आहे."

धमकी नव्हती, लाचही नव्हती. नुसती माहिती. मला दोन महिन्यांनी साठ वर्षं पूर्ण होणार होती आणि घरी बसायची मला भीती वाटत होती. मुलगी लग्न होऊन गेलेली, बायकोला तिची भिशी आणि भजनी मंडळ. मी सकाळी उठून कुठे जायचं? हे कारण आहे. याच्यापेक्षा भारदस्त कारण असतं तर बरं झालं असतं. पण नाही.

तपासणी पत्रकात प्रत्येक जोडापुढे एक रकाना असतो, रंगाचा. मी लिहिलं 'रुपेरी', आणि सही केली. खोटं नव्हतंच ते. त्या घडीला जोड रुपेरीच होता.

आर्गॉनचं नळकांडं बंद करून हरेश्वर निघून गेला.

मला मुदतवाढीचं एक वर्ष मिळालं. ते चालू असतानाच एका दुपारी स्कूलचा फोन आला. सरावात मागची गाडी ऋतुजाच्या मागच्या चाकावर चढली, हवेत उडाली आणि पोटाने थेट तिच्या डोक्यावर येऊन बसली. मुलगी जिवंत आहे, मनगट मोडलं, भुवईला टाके. पलीकडचा माणूस पुढे म्हणाला, "पण तुमचं कडं पुढच्या जोडावर तुटलं."

कडं गोणपाटात बांधून परत आलं. मागचे दोन्ही जोड जसेच्या तसे होते, हरेश्वरचे, सकाळचे, रुपेरी. सगळा भार त्यांनी पेलला म्हणून ती वाचली. पुढचा खांब मात्र जोडातून सुटून आत वळला होता आणि त्याच्या तुटक्या टोकाने हेल्मेटच्या काचेवर आडवी खोल चीर पाडली होती, बरोबर डाव्या डोळ्यासमोर. काच शाबूत राहिली म्हणून डोळा राहिला. स्कूलने तुटका जोड प्रयोगशाळेत कापून बघितला. अहवाल आला, हवा शिरून जोड ठिसूळ.

ऑफिसात बैठक झाली. मालक, सबनीस, मी आणि स्कूलचे दोघे. जोडाशेजारी वेल्डरचा नंबर ठोकलेला असतो, तो हरेश्वरचा. पत्रकावर रंग रुपेरी, सही माझी. मालक म्हणाले, "तपासलं तेव्हा रुपेरी होता, मग ठिसूळ कसा?" सबनीसांनी टेबलाकडे बघत सांगितलं, "वेल्डरने आपली चूक झाकायला आधीच घासून ठेवला असणार." मग सगळे माझ्याकडे वळले.

मी म्हणालो, "असू शकतं."

एवढंच बोललो. वड्याचं तेल वांग्यावर गेलं आणि ते ओतणारा हात माझा. काशिनाथला कोणी बोलावलं नाही, ठेकेदाराच्या माणसाची साक्ष घ्यायची आमच्याकडे रीत नव्हती. हरेश्वरला त्याच दिवशी काढलं. त्याच्या वेल्डिंगच्या दाखल्यावर 'दोष लपवला' असा शेरा मारून तो रद्द केला. शेऱ्याखाली तपासनिसाची सही लागते. ती मी केली. नंबरचा ठसा परत द्यायला तो माझ्या टेबलापाशी आला. मी मान वर केली नाही.

"साएब," तो म्हणाला, "तुमाला म्हाईत हाय."

एमआयडीसी लहान आहे. तो शेरा त्याच्याआधी प्रत्येक फाटकावर पोचला. आठ वर्षं ज्याच्या शिवणी लोक भिंतीवरून बघत होते त्याला कोणी झाळकाम द्यायला तयार होईना. पामची खोली सोडून तो दातिवऱ्याला गेला.

पुढच्या महिन्यात ऋतुजा आली. हाताला प्लॅस्टर, भुवईत टाक्यांची खूण, सोबत आई. ती पेढे घेऊन आली होती आणि तिला ज्याने कडं जोडलं त्याला भेटायचं होतं. सबनीसांनी मला पुढे केलं. "हे शिंदेसाहेब. यांच्या नजरेखालूनच प्रत्येक जोड गेला."

मी काही बोलायच्या आत ती वाकली आणि तिने माझ्या पायाला हात लावला. तिची आई पदराने डोळे पुसत होती. म्हणाली, "आमची एकुलती एक पोरगी हाय ओ. देवच तुम्ही." मी पाय मागे घेतले नाहीत. घेता आले असते.

"आणि वेल्डर कोण होते, काका?" ऋतुजाने विचारलं.

"तो आता इथे नाही."

तिने पिशवीतून हेल्मेटची ती काच काढली, चीर पडलेली. "मग ही त्यांना द्या. मी दिलीय म्हणून सांगा."

ती काच मी घरी नेली आणि शोकेसमध्ये ठेवली. येणारा जाणारा विचारायचा आणि मी सांगायचो. अंगठा नाकासमोर धरायला लावायचो, बांबू आणि फडक्यांची गोष्ट सांगायचो, मुलगी कशी वाचली ते सांगायचो. त्या गोष्टीत हरेश्वर नसायचा. सोसायटीचा तो 'प्रख्यात' तिथूनच आला असावा. एकदा बायको आतून म्हणाली, "ज्याची आहे त्याला कधी देणार?" मी तिच्यावर ओरडलो. तिला सगळं ठाऊक होतं, मीच एकदा सांगितलं होतं, आणि सांगितल्याचा मला राग होता.

निवृत्तीनंतर वर्षभराने बोईसरच्या बाजारात काशिनाथ भेटला. इकडचं तिकडचं झालं आणि मग चप्पलकडे बघत म्हणाला, "हरेश्वरभाऊचा सांगणां हाय. पालघरकडं येक कंपनी त्याला घ्याला तयार हाय. हात बघितला, पसंत पडला. पण त्यो शेरा आडवा येतो. साएबांनी येक कागद दिला तं बरा होल, बोलला."

म्हणजे माझ्या पश्चात्तापाने मला हलवलं नाही. मागणी आली म्हणून मी हललो. घरी येऊन चांगल्या कागदावर, चांगल्या अक्षरात लिहिलं. हरेश्वर तामोरे यांनी जोड सदोष असल्याचं त्याच वेळी वरिष्ठांना कळवलं होतं, त्यांनी काही लपवलं नाही, त्यांच्यावरचा शेरा अन्यायाचा आहे. जोड त्यांनी घासला नव्हता. सबनीसांचं नावही लिहिलं. लिहून हलकं वाटलं, खोटं का सांगू. काच वर्तमानपत्रात गुंडाळली आणि सकाळची एसटी पकडली. माकुणसारच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाड्या लागतात, मला त्यातलं काही आठवत नाही. पुढचं टमटमने गेलो.

हरेश्वर बंदराजवळ, घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडखाली बसला होता. साध्या काडीच्या वेल्डिंग मशीनवर कोणाच्या तरी होडीचा लोखंडी नांगर जोडत होता. ज्या हाताने टायटॅनियम जोडलं त्या हातात गंजकं लोखंड. मला बघून त्याने मशीन बंद केलं, तोंडापुढची ढाल वर केली.

"बसा साएब."

मी पेटीवर बसलो. वर्तमानपत्र सोडून काच त्याच्या हातात दिली. "ऋतुजाने तुझ्यासाठी दिली होती. द्यायला उशीर झाला." त्याने चिरेवरून एकदा बोट फिरवलं आणि ती बाजूच्या फळीवर ठेवली.

"कागद आणलात?"

मी दिला. तो हळूहळू, ओठ हलवत वाचत गेला. खाली आला तिथे थांबला. तिथे मी लिहिलं होतं, 'तपासणीच्या वेळी सदर दोष माझ्या नजरचुकीने राहून गेला.'

"हे काय लिवलंय?"

"का? सगळं तुझ्या बाजूनं आहे."

"नजरचूक नाय साएब." त्याचा आवाज चढला नव्हता. "मी तुमाला बोललो होतो, निला हाय. काशिनाथ बोलला होता. पेस्टचा वास होता. तुमची नजर नाय चुकली. तुमी बघितलात."

"अरे, पण त्या कंपनीला एवढं पुरेल. तुझा शेरा जाईल."

"शेरा जाल. पन मग मी तुमाला सांगितलंच नाय, असा व्हतंय ना? मी नीट सांगितलं असतं तर तुमाला दिसलं असतं. हा कागद दाखवून मी कामाला लागू?"

मी त्याला समजावू लागलो की कायद्याच्या दृष्टीने एवढी कबुलीसुद्धा फार आहे, की माझं निवृत्तीचं येणं अजून कंपनीकडे आहे, की माझंही वय झालं. बोलता बोलता मलाच ऐकू आलं की हा तोच माणूस बोलतो आहे, ऑफिसात 'असू शकतं' म्हणणारा. हरेश्वरने आत जाऊन त्याच्या पोरीच्या वहीतला एक कोरा कागद फाडून आणला, काच उचलून बाजूला ठेवली आणि ती फळी माझ्या मांडीवर ठेवली.

"दुसरा लिवा."

मी लिहिला. माझं अक्षर मला ओळखू येत नव्हतं. 'जोड निळा होता. वेल्डरने मला सांगितलं होतं. मला माहीत होतं. तरी मी रुपेरी लिहून सही केली.' खाली नाव, हुद्दा आणि पुन्हा तीच सही.

त्याने तो दोनदा वाचला, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवला. पहिला कागद मला परत दिला. मग ढाल खाली ओढली आणि मशीन चालू केलं. घराच्या दारात त्याची बायको उभी राहून बघत होती, आत चुलीवर काहीतरी उकळत होतं. चहाचं कोणी विचारलं नाही.